उभ्या गाडीचं भाडं

माझ्या पर्समध्ये एक लाल वही असते. नवरा तिला चित्रगुप्ताची वही म्हणतो. तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे जमाखर्च जुळवल्यावर माणसाला स्वतःचाही जुळवावासा वाटतो, त्याला मी काय करू? गेल्या भाऊबीजेला दादा पुन्हा म्हणाला, “अजून किती वर्षं त्या लोकलला लटकणार आहेस? इकडे दादरला भाड्याने ये. जाण्यायेण्याचा खर्च तरी वाचेल.” मग तो पुढचा महिना मी वहीत फक्त प्रवास लिहिला.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, बँक फोर्टात. सीएसएमटीपर्यंत ४८ किलोमीटर. पास मात्र कल्याणचा काढते. सकाळची फास्ट डोंबिवलीत येते तीच गच्च भरून; म्हणून आधी उलटं कल्याणला जायचं आणि तीच गाडी मुंबईकडे निघाली की बसून यायचं. आमच्याकडे याला रिटर्न येणं म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात, गुडघे वाचतात. पासातला तो कल्याणपर्यंतचा तुकडा म्हणजे माझ्या सीटचं भाडं.

सेकंड क्लासचा हा पास महिन्याला सव्वातीनशेच्या आत येतो. उपनगरी पासाचं सूत्रच तसं आहे: साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात महिनाभर हवं तेवढं फिरा. जून २०१४ मध्ये हा आकडा पंधराचा तीस करायचं ठरलं होतं. स्टेशनवर पाससाठी अशा रांगा लागल्या, की लोक जुन्या भावात सोनं घ्यायला आलेत असं वाटावं. काही दिवसांतच तो निर्णय उपनगरांपुरता मागे घेतला गेला.

खरी गंमत पुढे आहे. घरापासून स्टेशन दोन किलोमीटर. शेअर रिक्षाच्या एका सीटचे पंधरा रुपये, जाऊन-येऊन तीस, महिन्याचे कामाचे दिवस चोवीस. झाले ७२०. म्हणजे ४८ किलोमीटरच्या लोकलपेक्षा दोन किलोमीटरची रिक्षा दुपटीहून महाग. किलोमीटरमागे काढलं तर लोकलला चौदा पैसे आणि रिक्षाला साडेसात रुपये! मी तीनदा पडताळून पाहिलं. फेब्रुवारी २०२५ पासून मीटरचं किमान भाडं २६ रुपये आहे म्हणे. आमच्याकडे मीटर हा रिक्षाचा दागिना, त्याचा भाड्याशी संबंध नाही. नवरा स्टेशनपर्यंत स्कूटर नेतो, तर स्टँडवाला दिवसाचे वीस घेतो. त्याची स्कूटर नुसती उभी राहून महिन्याला जेवढं खाते, त्यात माझा पास निघून वर चहा होतो.

दादरहून सीएसएमटीचा पास शंभराच्या आसपास. म्हणजे दादा म्हणतो तो वाचणारा खर्च पासात दोनशे रुपये, आणि तो स्टेशनवर चालत जातो म्हणून रिक्षाचे ७२०. हजार धरू. त्याच्या गल्लीत वन बीएचकेला पन्नास हजारांच्या खाली कुणी बोलत नाही, आमच्याकडे पंधरा हजारांत मिळतो. दोनशे-तीनशे रुपयांच्या पासावर अख्खं डोंबिवली-बदलापूर वसलंय, ते उगाच नाही. १९८२च्या संपानंतर गिरणगावातून उठलेली किती कुटुंबं या रुळांच्या आधाराने इकडे आली.

वेळ मात्र जातो. रोज साडेतीन तास, महिन्याचे ८४. दादा साडेसहाला घरी चहा पीत असतो, तेव्हा मी ठाण्याच्या अलीकडे उभी असते. या वेळेचे पैसे कसे लावायचे ते मला कळलेलं नाही. आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडून गेली, त्यानंतर दोन दिवस आमच्या डब्यात कुणी मोठ्याने बोललं नाही. तेही वहीत नाही.

गाडीने जाऊन बघितलंय. जून २०२०, सामान्यांसाठी लोकल बंद आणि बँका चालू. नवरा सोडायला यायचा. फोर्टात तेव्हा कुठेही गाडी लावा, रस्ते ओस. तसं पार्किंग मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि पुन्हा दिसायचं नाही. आज तसं रोज जायचं तर शंभर किलोमीटरला पेट्रोलच साडेसहाशेच्या घरात. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचा टोल लहान गाड्यांना माफ झाला, पण ते वाचलेले ४५ रुपये फोर्टात तासभरसुद्धा गाडी उभी ठेवू देत नाहीत. मागच्या वर्षी एका कामासाठी गाडी नेली आणि एका इमारतीच्या तळघरात सहा तास ठेवली. पावती ४२० रुपयांची. आकडा बघून नवरा हसला, मला हसू आलं नाही. जेवढा वेळ गाडी चालली त्याहून जास्त वेळ ती नुसती उभी होती, आणि भाडं भरायचं ते उभी राहण्याचंच.

या उभ्या गाडीला जागा तरी किती लागते? मोठ्या गाडीला साधारण अडीच मीटर बाय साडेपाच, म्हणजे जवळजवळ १४८ चौरस फूट. माझी आत्या नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. ती खोली १६० चौरस फुटांची. आत्या, तिचे यजमान, सासू आणि चार मुलं. पलंगाखाली अंथरुणं, मोरीवर फळी, फळीवर अभ्यासाची वह्या-पुस्तकं. गणपतीत आम्हीही मुक्कामाला जायचो. आता दादाच्या नव्या टॉवरमध्ये जवळपास तेवढ्याच जागेत त्याची गाडी एकटी राहते आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, बाहेर पडते.

आमच्या सोसायटीत वेगळाच तमाशा. चोवीस फ्लॅट, स्टिल्टखाली नऊ गाड्यांची जागा. १९९९ मध्ये बिल्डरने ती काही जणांना पैसे घेऊन ‘विकली’, त्यांच्याकडे पावत्या आहेत. पण दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये सांगितलं, की स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची. हा निकाल मी वार्षिक सभेत वाचून दाखवला. पावतीवाले दोन काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. आता दर वर्षी चिठ्ठ्या टाकतो. ज्यांची चिठ्ठी निघत नाही ते रस्त्यावर गाडी लावतात, फुकट. स्कूटरला वीस रुपये, शेअर रिक्षाच्या सीटला पंधरा, आणि दहा लाखांची गाडी रात्रभर सार्वजनिक रस्त्यावर फुकट. फुटपाथवरून उतरून जाणारी मी असते, त्यामुळे याबाबत माझा आवाज जरा चढतो.

मुंबईत हे आवरायचा प्रयत्न झाला. बिल्डरांना जादा एफएसआय देऊन सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले, आणि जुलै २०१९ मध्ये अशा वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर किमान पाच हजार दंड ठेवला. दादा तेव्हा महिनाभर शिस्तीत वागला.

डिसेंबरात एका रविवारी नवरा आणि मी दादाला वही दाखवायला गेलो, लोकलनेच. त्याने चष्मा लावून सगळी पानं वाचली, साडेसात रुपयांपाशी थांबला, आणि म्हणाला, “साडेतीन तासांचं काय पण?” मी म्हटलं, “ते तू लाव.” निघताना नऊ वाजले होते. “थांबा, स्टेशनवर सोडतो,” म्हणून तो खाली आला आणि पार्किंगच्या यंत्राचं बटण दाबलं. त्याची गाडी तिसऱ्या मजल्यावर. वरच्या गाड्या करकरत सरकल्या, एक खाली आली, ती शेजाऱ्याची निघाली. वॉचमन म्हणाला, “साहेब, आता परत वर पाठवावी लागेल.” पाच मिनिटं झाली. वहिनी गॅलरीतून विचारत होती, काय झालं म्हणून. आम्ही दोघं चालायला लागलो. मागून दादाचा आवाज येत होता, “अगं, आलीच बघ, आलीच!” आम्हाला कल्याण स्लो मिळाली, आणि बसायलाही.