केर्माचा पुतळा आणि टोम्बोसचे दात

आफ्रिकेचा नकाशा उघडा आणि नाईल नदी शोधा. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. त्या प्रदेशात वारा मात्र बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे उत्तरेला जायचे तर होडी प्रवाहात सोडून द्यावी, आणि दक्षिणेला जायचे तर शीड उभारावे. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत ‘दक्षिणेला जाणे’ लिहिताना शिडाची होडी काढत, तर ‘उत्तरेला जाणे’ लिहिताना बिनशिडाची! बल आणि दिशा यांचे इतके सुटसुटीत उदाहरण मला वर्गातही क्वचितच सापडते.

पण शीड उभारून दक्षिणेला निघालेला इजिप्शियन नावाडी आस्वानपाशी अडत असे. तेथे नदीच्या पात्रात ग्रॅनाइटचे खडक वर आलेले आहेत. आस्वान ते खार्टूम या टप्प्यात असे सहा अडथळे असून त्यांना प्रपात म्हणतात. पहिल्या प्रपाताच्या दक्षिणेला नूबियाचा प्रदेश सुरू होई. त्याचा बराचसा भाग आजच्या सुदानमध्ये येतो. सोने, हस्तिदंत, काळे शिसवीसारखे एबनी लाकूड, धूप, बिबट्याची कातडी हे सारे इजिप्तला नूबियातून किंवा नूबियाच्या वाटेने मिळे. हरखुफ नावाचा अधिकारी इ.स. पूर्व २३००च्या सुमारास असा माल ३०० गाढवांवर लादून परत आला, असे त्याच्या थडग्याच्या भिंतीवर कोरलेले आहे. पुढे तिसऱ्या सेनुस्रेत राजाने (इ.स. पूर्व १८५०च्या सुमारास) दुसऱ्या प्रपाताजवळ मातीच्या विटांचे प्रचंड किल्ले बांधले आणि सेम्ना येथे सीमेचा दगड रोवला. व्यापार किंवा निरोप यांखेरीज कोणाही नूबियनाने ही सीमा ओलांडू नये, अशी त्यावर आज्ञा आहे.

आता एक प्रश्न विचारतो. एवढे किल्ले कोणी कशासाठी बांधतो? पलीकडचा माणूस दुबळा असेल तर एक चौकी पुरते. पण हा साधा प्रश्न बराच काळ नीट विचारला गेला नाही, आणि त्यातून एक मोठी चूक घडली.

अमेरिकन उत्खननकार जॉर्ज राइसनर यांनी १९१३ ते १९१६ या काळात तिसऱ्या प्रपाताच्या दक्षिणेला केर्मा येथे उत्खनन केले. तेथे ‘डिफूफा’ नावाची मातीच्या विटांची इमारत आजही सुमारे १८ मीटर उंच उभी आहे. जवळच मातीचे गोल ढिगारे आहेत. मोठ्यांचा व्यास ९० मीटरच्या आसपास भरतो. हे ढिगारे म्हणजे थडगी. मुख्य व्यक्तीबरोबर शेकडो माणसे तेथे पुरलेली होती. अशाच एका ढिगाऱ्यात राइसनर यांना हापजेफा नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या पुतळ्याचे तुकडे आणि त्याच्या पत्नीचा सुंदर पुतळा मिळाला. त्यांनी निष्कर्ष काढला की केर्मा हे इजिप्तचे ठाणे होते, हापजेफा तेथला सुभेदार होता आणि त्याला स्थानिक रीतीने तेथेच पुरले. नूबियन लोक असे काही स्वतः उभारू शकतील, हे त्यांच्या मनाला पटतच नव्हते.

राइसनर हे निष्काळजी गृहस्थ नव्हते. त्यांच्या नोंदी इतक्या काटेकोर आहेत, की त्यांची चूक पुढच्या संशोधकांना त्यांच्याच नोंदींवरून दाखवता आली. हापजेफाचे स्वतःचे कोरीव थडगे इजिप्तमध्ये अस्यूत येथे होते, आणि तो इ.स. पूर्व १९५०च्या सुमाराचा. केर्मा येथे मात्र हिक्सोस राजांच्या मुद्रांचे ठसे मिळाले होते, म्हणजे काळ त्यानंतर दोन-तीनशे वर्षांचा! मोजमाप अचूक, पण गृहीत धरलेली गोष्ट चुकीची, अशी ही स्थिती. प्रयोगवहीत असे प्रकार मी दरवर्षी पाहतो.

मग पुतळे तेथे आले कसे? लूट म्हणून. केर्मा ही कुश या स्वतंत्र राज्याची राजधानी होती. इजिप्त दुबळा झाला तेव्हा कुशच्या फौजा उत्तरेला घुसल्या. २००३ साली अल-काब येथील सोबेकनख्त या सुभेदाराचे थडगे साफ करताना एक लेख उजेडात आला; त्यात कुशने मित्रांसह केलेल्या स्वारीचे वर्णन आहे. मौज अशी की सोबेकनख्ताचे नाव कोरलेले एक दगडी पात्र केर्मा येथेच मिळाले होते. इजिप्तचे राजे आपले विजय देवळांच्या भिंतींवर कोरीत, पराभव कोरीत नसत. म्हणून ही हकिगत इतकी वर्षे झाकलेली राहिली.

इ.स. पूर्व १५००च्या सुमारास पहिल्या थुतमोस राजाने केर्माची सत्ता मोडली. यानंतर सुमारे चार शतके नूबियावर इजिप्तचा अंमल होता. या काळातील एक दफनभूमी तिसऱ्या प्रपाताजवळ टोम्बोस येथे आहे. थडगी इजिप्शियन पद्धतीची, प्रेते उताणी व सरळ ठेवलेली. परंतु त्यांच्यातच काही स्त्रिया नूबियन रीतीने, कुशीवर आणि पाय दुमडून पुरलेल्या आहेत. मग येथे कोण राहत होते? आलेले इजिप्शियन, की इजिप्शियन रीती उचललेले नूबियन?

याचे उत्तर दातांनी दिले, आणि माझा विषय आता सुरू होतो. खडकांत रुबिडियम नावाचे मूलद्रव्य अल्प प्रमाणात असते. त्याचा ८७ वस्तुमानांकाचा समस्थानिक किरणोत्सर्गी असून त्याचे रूपांतर स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये होते. अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या तिपटीहून जास्त! स्ट्रॉन्शियम-८६ मात्र वाढत नाही. म्हणून जुन्या ग्रॅनाइटमध्ये ८७चे ८६शी असलेले प्रमाण जास्त, तर तरुण बेसॉल्टमध्ये कमी. नाईलचा काळा गाळ बराचसा इथिओपियाच्या पठारावरून येतो. ते पठार आपल्या दख्खनच्या पठारासारखेच लाव्ह्याच्या बेसॉल्टचे आहे, फक्त वयाने निम्म्याहून कमी. तिकडची काळी माती आणि आपल्याकडची कापसाची काळी माती यांचे असे दूरचे नाते आहे. त्या त्या ठिकाणच्या खडकानुसार आणि गाळानुसार हे प्रमाण थोडे थोडे बदलते.

माती, पाणी, धान्य या वाटेने स्ट्रॉन्शियम शरीरात जाते. आवर्त सारणीत ते कॅल्शियमच्या बरोबर खाली आहे, त्यामुळे कॅल्शियमच्या जागी ते दातांत बसते. दाताचे वरचे कवच बालपणी तयार होते आणि पुन्हा बदलत नाही. माणूस जन्मभर कोठेही फिरो, बालपणीच्या गावाची खूण तोंडातच असते. फरक तिसऱ्या-चौथ्या दशांशस्थळी असतो. तो मोजायला वस्तुमान वर्णपटमापक लागतो.

टोम्बोसच्या बहुतेक दातांतील प्रमाण स्थानिक निघाले, काहींचे वेगळे. म्हणजे बाहेरून आलेले आणि तेथेच वाढलेले लोक एकाच दफनभूमीत शेजारी होते. अर्थात दात बालपणाचे ठिकाण सांगतो. तो माणूस घरी कोणती भाषा बोले, स्वतःला कोण समजे, हे सांगत नाही. ते थडग्याच्या रीतीवरून आणि जवळच्या वस्तूंवरून ताडावे लागते.

पुढे पारडे उलटले. कुशचा राजा पिये याने इ.स. पूर्व ७३०च्या सुमारास इजिप्त जिंकले. त्याच्या शिलालेखात एक गंमत आहे: हरमोपोलिस शहर शरण आल्यावर तबेल्यातले उपाशी घोडे पाहून तो पराभूत राजावर भयंकर चिडला. त्याच्या वंशातील तहार्का याने इ.स. पूर्व ६९० ते ६६४ राज्य केले. नंतर अस्सिरियनांनी कुशच्या राजांना इजिप्तमधून हुसकले. इ.स. पूर्व ५९३च्या सुमारास दुसऱ्या सॅमटिक या इजिप्तच्या राजाने नूबियावर स्वारी केली आणि कुशच्या राजांची नावे स्मारकांवरून खोडली. त्याच्या पगारी ग्रीक शिपायांनी जाता जाता अबू सिम्बेल येथील रामसेसच्या पुतळ्याच्या पायावर आपली नावे कोरून ठेवली. ती आजही वाचता येतात.

जानेवारी २००३ मध्ये केर्माच्या अगदी जवळ, दुक्की गेल येथे, चार्ल्स बोने यांच्या स्विस पथकाला एक खड्डा सापडला. त्यात तहार्का आणि त्याच्या नंतरचे राजे यांचे सात पुतळे होते. प्रत्येक पुतळ्याचे डोके आणि पाय तोडलेले. हे काम सॅमटिकच्या सैन्याचे असे मानले जाते. तुकडे मात्र कोणीतरी पुढे गोळा करून जपून पुरले होते. पथकाने ते जुळवले, आणि सातही पुतळे केर्माच्या संग्रहालयात पुन्हा उभे राहिले.