सुरक्षित मार्गाने येणाऱ्या फायलींची पारख

मार्ग सुरक्षित असणे आणि त्या मार्गाने येणारी वस्तू निर्धोक असणे या दोन गोष्टींची गल्लत संगणकीय संरक्षणात वारंवार होते. बँका व कार्यालये फायलींच्या देवघेवीसाठी एसएफटीपी ही पद्धत वापरतात. ती ज्या एसएसएच या कूटबद्ध संवादपद्धतीवर उभी आहे, तिचा जन्म १९९५ साली फिनलंडमध्ये झाला. कूटबद्धतेमुळे वाटेत कोणालाही मजकूर वाचता येत नाही, परंतु त्याच कारणाने वाटेवरच्या फायरवॉललाही आत काय आहे ते कळत नाही आणि तपासणीचा भार फाइल स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर येतो.

रिझर्व्ह बँकेने १९९६ साली बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्था ज्या हैदराबादेत स्थापन केली, तेथीलच ए. पी. महेश सहकारी बँकेतून जानेवारी २०२२ मध्ये सुमारे १२ कोटी रुपये लुटले गेले. पोलीस तपासानुसार हल्लेखोरांचा शिरकाव कर्मचाऱ्यांना आलेल्या फसव्या ई-मेलद्वारे झाला होता. तेथे वाट ई-मेलची होती, तरी धडा तोच आहे: आत घेतलेली एक फाइल पुरेशी ठरते.

कोणत्या फायली आत घ्यायच्या हे ठरवताना घातक प्रकारांची निषिद्ध यादी करण्यापेक्षा आवश्यक प्रकारांचीच अनुमत यादी करणे अधिक भरवशाचे असते, कारण निषिद्ध यादी कधीच पूर्ण होत नाही. मात्र फायलीच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, ही केवळ चिठ्ठी असते आणि ती कोणालाही बदलता येते. काही ठिकाणी तर निरुपद्रवी नावाने फाइल चढवून नंतर तिचे नाव बदलता येते, म्हणून नामांतरावरही तोच नियम लागू करावा लागतो. त्यापुढची कसोटी फायलीच्या आरंभीच्या खुणेची. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामची सुरुवात ‘एमझेड’ या अक्षरांनी होते, आणि ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे आहेत. ही खूणही अपुरी पडते, कारण झिप फाइल आणि वर्डचा आधुनिक दस्तऐवज दोन्ही ‘पीके’नेच सुरू होतात. म्हणून आलेली फाइल प्रथम वेगळ्या कप्प्यात ठेवून, उघडून तपासल्यावरच पुढे सोडणे इष्ट.

सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचच्या एसएफटीपी सर्व्हरमध्ये फायलींचे प्रकार रोखण्याची सोय मुळात नाही. ती व्यवस्था प्रत्येक संस्थेने स्वतः उभारली पाहिजे.