इंग्रजी उताऱ्याचें विवेचन व त्यास लागणारे शब्द



इंग्रजी उतारा वाचून त्याचा अर्थ समजणें ही एक गोष्ट, आणि त्यांत लेखकानें काय साधलें आहे हें इंग्रजींत सांगतां येणें ही दुसरी. मराठी माध्यमांतून आलेल्या पुष्कळ मुलांस पहिली साधते. दुसरीपाशीं त्यांची लेखणी अडते. उत्तर मनांत असतें, परंतु तें मांडावयास शब्द नसतात. मग विद्यार्थी गोष्टीचा सारांश लिहून मोकळा होतो, आणि परीक्षकास वाटतें कीं, ह्यास कांहीं कळलेंच नाहीं. बुद्धि असून मंद ठरण्याची ही आपत्ति टाळतां येण्याजोगी आहे. कारण ह्या कामीं लागणारे शब्द अगणित नाहींत.

न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड ह्या विदुषींनीं विद्यापीठीय इंग्रजी लेखनांतील शब्दांची मोजदाद करून इ. स. २००० मध्यें ५७० शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. त्यांनीं तपासलेल्या लेखनांत शेंकडा सुमारें १० शब्द ह्या यादींतलेच निघाले. ॲनलाइज, इंटरप्रिट, कॉन्ट्रास्ट, इम्प्लाय, इन्फर, थीम हे सर्व तींत आहेत.

असे शब्द कसे उपयोगी पडतात तें एका उदाहरणानें पाहूं. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर' नाटकाच्या तिसऱ्या अंकांत सीझरच्या प्रेतापाशीं अँटनी भाषण करतो. ब्रूटस हा 'ऑनरेबल', म्हणजे सन्मान्य गृहस्थ आहे, असें तो पुनः पुनः म्हणतो. आणि भाषण संपतें तों तेच रोमन नागरिक ब्रूटसचें घर जाळावयास निघतात. आतां "अँटनी ब्रूटसची स्तुति करतो" असें जो लिहील त्याचें उत्तर फसलें. येथें 'सेज' हें क्रियापद पुरत नाहीं. अँटनी उघड स्तुति करतो व निंदा सुचवितो. ह्या सुचविण्यास 'इम्प्लाय' म्हणतात. श्रोते त्यावरून अनुमान काढतात, त्यास 'इन्फर' म्हणतात. बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर करतो. ह्या दोहोंची अदलाबदल होऊं देऊं नये. एकच शब्द वारंवार योजणें हें 'रेपिटिशन', बोलण्याचा रोख हा 'टोन', शब्द एक व भाव उलट ही 'आयरनी', आणि नागरिकांच्या मनावर घडलेला परिणाम हा 'इफेक्ट'. लेखकाची युक्ति कोणती, तिनें काय सुचविलें, परिणाम काय झाला, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें ह्या शब्दांनीं दिलीं कीं विवेचन झालें.

ह्यांतील पुष्कळ कल्पना तुम्हांस नव्या नाहींत. सिमिली ही आपली उपमा, मेटफर हें रूपक, हायपर्बोल ही अतिशयोक्ति, पर्सॉनिफिकेशन ही चेतनगुणोक्ति. अँटनीची स्तुति तर आपल्या व्याजस्तुतीच्या अगदीं जवळची. मात्र दोन्ही भाषांच्या सीमा तंतोतंत जुळतात असें समजूं नका. आयरनी ही व्याजस्तुतीहून व्यापक आहे: जी गोष्ट प्रेक्षकास ठाऊक, पण रंगभूमीवरील पात्रास ठाऊक नाहीं, तेथेंहि आयरनीच होते. उलट आपण उपमेपासून उत्प्रेक्षा वेगळी काढतों, तर इंग्रजी शालेय पुस्तकांत 'ॲज इफ' असा प्रयोग बहुधा सिमिलींतच घालतात.

शब्द एकटा शिकूं नये, कुटुंबासह शिकावा. 'ॲनलाइज' ह्या क्रियापदांत आघात पहिल्या अक्षरावर, 'अनॅलिसिस' ह्या नामांत दुसऱ्यावर, आणि 'ॲनलिटिकल' ह्या विशेषणांत तिसऱ्यावर पडतो. ह्या सर्वांचें मूळ ग्रीक भाषेंत असून त्याचा अर्थ सोडविणें, मोकळें करणें असा आहे. उताऱ्याची गांठ सोडविणें हेंच विवेचन, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे शब्द विसरत नाहीं.

एका वहींत चार रकाने आंखा. पहिल्यांत शब्द, दुसऱ्यांत मराठी अर्थ, तिसऱ्यांत त्याचा सोबती लिहा. जसें, 'इन्फर'बरोबर 'फ्रॉम', 'रिफर'बरोबर 'टू'. चौथ्यांत चालू धड्यासंबंधीं स्वतः रचलेलें वाक्य असावें. आठवड्यास पांच शब्द पुरेत. परंतु चार दिवसांनीं अर्थाचा रकाना झांकून ते पुनः आठवून पाहावे.

शेवटीं एक सूचना. "येथें मेटफर आहे" एवढेंच लिहिणें म्हणजे झाडास नांवाची चिठ्ठी लावणें होय. तें रूपक कवीनें तेथें कां योजिलें व त्यानें काय साधलें, हें सांगितल्यावांचून त्या शब्दाचें सार्थक होत नाहीं. तरी वर्गांत पुढील धडा होईल त्या दिवशीं, लेखकाची युक्ति, सूचना व परिणाम ह्यांविषयीं तीनच इंग्रजी वाक्यें आपल्या बुद्धीनें लिहा, आणि तीं शिक्षकांस निःसंकोचपणें दाखवा.