खेळाचा पेशा आणि तालुक्याचे मैदान

२०१५ च्या जून महिन्यात अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेची नव्या खेळाडूंची वार्षिक निवड झाली. तीत डॅलस मॅव्हरिक्स या संघाने बावन्नाव्या क्रमांकावर सतनाम सिंग या तरुणाला निवडले, तेव्हा एरवी उपेक्षित राहणाऱ्या या खेळाकडे आपल्या देशाचे लक्ष क्षणभर वेधले गेले. पंजाबातील बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के या खेड्यातील शेतकऱ्याचा हा सात फुटांहून उंच मुलगा लुधियानाच्या अकादमीत घडला आणि तेथून २०१० मध्ये फ्लोरिडातील प्रशिक्षण संस्थेत गेला. एन.बी.ए.साठी निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिलाच खेळाडू होता.

पुढची कहाणी मात्र तितकी उजळ नाही. एन.बी.ए.च्या मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना खेळावयास मिळाला नाही. मॅव्हरिक्सशी संलग्न असलेल्या दुय्यम संघातच त्याला समाधान मानावे लागले. २०२० मध्ये उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि २०२१ मध्ये तो अमेरिकेतील करमणूकप्रधान कुस्तीच्या एका कंपनीत दाखल झाला. ज्याच्याकडे देशातील बास्केटबॉलचे भविष्य म्हणून पाहिले गेले, तो तिशी गाठण्याआधीच त्या खेळापासून दूर गेला. हा एका व्यक्तीच्या दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येईल. परंतु त्यामागे एक व्यापक प्रश्न आहे आणि तो शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यातील शिक्षकांनी व पालकांनीही विचारात घ्यावा असा आहे. आपल्या देशात खेळ हा पेशा होऊ शकतो काय, आणि होत असेल तर तो कोणासाठी?

पगारी खेळाडूंचा देश

वस्तुतः बास्केटबॉल हा श्रीमंतांचा खेळ नव्हे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून तो शोधून काढला. साहित्य काय, तर सज्जाच्या कठड्याला ठोकलेल्या फळांच्या दोन टोपल्या आणि एक चेंडू. नियम अवघे तेरा. वाय.एम.सी.ए.च्या माध्यमातून तो भारतात आला, १९३४ मध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे भारतीय पुरुष संघाला तेथे संधी मिळाली. सर्व सामने हरून तो परतला. त्यानंतर आजवर हा योग पुन्हा आलेला नाही.

या नव्वद वर्षांत आपल्याकडचा बास्केटबॉलपटू जगला कशावर? नोकरीवर, हे त्याचे सरळ उत्तर आहे. रेल्वे, सेनादले, पोलीस आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळासारखे सार्वजनिक उपक्रम हेच त्याचे खरे आश्रयदाते. राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद भूषविणारे आणि २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळविणारे विशेष भृगुवंशी हे त्याच महामंडळाचे खेळाडू. गीतू अ‍ॅना जोस या केरळच्या खेळाडूने ऑस्ट्रेलियात व्यावसायिक बास्केटबॉल खेळून दाखविला, २०११ मध्ये अमेरिकेतील महिला संघांच्या निवड-चाचण्याही दिल्या. पण तिच्या पायाखालची जमीन होती ती दक्षिण रेल्वेतील नोकरीची. व्यावसायिक स्पर्धांचे प्रयत्नही झाले. २०१५ मध्ये सुरू झालेली एक लीग दोनतीन वर्षांतच थांबली. २०२२ पासून राष्ट्रीय संघटनेच्या पाठबळाने नवा प्रयोग सुरू झाला. परंतु केवळ खेळावर संसार चालविता येईल, असा भरवसा अशा प्रयोगांनी अद्याप दिलेला नाही.

महाराष्ट्राचेही चित्र वेगळे नाही. मुंबईच्या नागपाड्यातून पुढे आलेले गुलाम अब्बास मुंतसिर यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविला. दाट वस्तीच्या त्या गरीब मोहल्ल्यात बास्केटबॉल रुजला, तो तेथे मैदान होते आणि शिकविणारी माणसे होती म्हणून. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघात स्थान मिळविले आणि राष्ट्रीय स्पर्धांत त्या रेल्वेच्या संघाकडून खेळल्या. ही दोन्ही नावे मोठ्या शहरांतली आहेत, हा योगायोग नव्हे.

जत्रेपासून आखाड्यापर्यंत

यावर कोणी म्हणेल की खेळाचा पेशा ही कल्पनाच मराठवाड्याच्या मातीला परकी आहे. सोयाबीन-तुरीच्या भावावर वर्षाचा हिशेब बसविणाऱ्या घरांना हे परवडायचे नाही. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. शिरूर अनंतपाळ १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झाला. शेजारच्याच निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या तालमीत घडले, 'रुस्तुम-ए-हिंद' झाले आणि नंतर पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी पुढची पिढी तयार केली. त्यांचे शिष्य, लातूर जिल्ह्याचेच काका पवार १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले.

हे कसे घडले? कुस्तीला एक शिडी होती. गावच्या जत्रेत नारळावर सुटणाऱ्या कुस्तीपासून रोख इनामापर्यंत, गावच्या तालमीपासून कोल्हापूरच्या तालमीपर्यंत, आणि अंगातली रग ओसरल्यावर वस्तादकीपर्यंत तिची प्रत्येक पायरी पोराला आणि त्याच्या बापाला दिसत होती. पेशा याचा अर्थ केवळ पैसा नव्हे; पुढची पायरी दिसणे हाही पेशाचा अर्थ आहे. बास्केटबॉलच्या बाबतीत तालुक्याच्या मुलाला पहिलीच पायरी नसते आणि दूरचित्रवाणीवर दिसते ती एकदम शेवटची. या दोहोंच्या मधले अंतर नशिबाने तोडायचे असते. सतनामच्या वाट्याला लुधियानाची पायरी तरी आली. तिच्यावरून त्याने घेतलेली झेप अपुरी पडली, पण झेप घेण्याजोगी जागा त्याला मिळाली होती.

गुणांच्या तराजूत खेळ

दुसरी अडचण आपल्या मनाची आहे. लातूर जिल्ह्याने गेल्या काही दशकांत परीक्षेच्या यशाचा एक नमुना उभा केला आणि त्याचा रास्त अभिमानही बाळगला. त्या यशाने अनेक सामान्य घरांतील मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याची किंमत मैदानाने मोजली. शारीरिक शिक्षणाचा तास हा गणिताच्या उरलेल्या धड्यासाठी राखून ठेवलेला तास, अशीच समजूत रूढ झाली. खेळाची आठवण होते ती दहावी-बारावीच्या वाढीव गुणांपुरती किंवा सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणापुरती. २००५ च्या निर्णयाने आलेले हे आरक्षण मूळ हेतूने स्तुत्यच होते. पण खेळापेक्षा प्रमाणपत्राला मोल आले की काय होते, हे राज्यात उघडकीला आलेल्या बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी दाखवून दिले. ज्याने खरोखर घाम गाळला, त्याची जागा ज्याने केवळ कागद मिळविला त्याने घेतली. यापरता खेळाचा अपमान कोणता?

म्हणून अपेक्षा मोठ्या नकोत, पण नेमक्या हव्यात. तालुका क्रीडा संकुलांची योजना राज्याने वीस वर्षांपूर्वीच स्वीकारली. संकुल म्हणजे कुंपण आणि फलक नव्हे, तेथे रोज संध्याकाळी शिकविणारा माणूस हवा. संपूर्ण बास्केटबॉलचे क्रीडांगण अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद असते. तेवढे सिमेंटचे पटांगण जमत नसेल तर तीन-तीन खेळाडूंचा अर्ध्या मैदानावरील खेळ आहे. टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आला आहे. एक खांब, एक फळी, एक कडे आणि सहा मुले एवढ्यावर तो उभा राहतो. आठवड्याच्या बाजाराइतक्याच नियमाने शाळाशाळांत सामने झाले, तर पहिली पायरी तयार होईल. दुसरी पायरी जिल्ह्याने बांधावी. आणि भरतीच्या वेळी प्रमाणपत्र तपासताना उमेदवाराला चेंडू हाती देऊन मैदानावर उभे करावे. खरा खेळाडू त्याला डरणार नाही.

यातून शिरूर अनंतपाळचा मुलगा एन.बी.ए.त जाईल असे नाही. बहुधा जाणार नाही. त्यांच्यापैकी एखादी मुलगी रेल्वेच्या संघात जाईल, एखादा मुलगा पोलिसांत, एखादा नेस्मिथसारखा शाळेत खेळ शिकविणारा गुरुजी होईल. आपल्या देशात खेळाचा पेशा आजवर असाच साध्या पगारावर उभा राहिला आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. लाज वाटावी ती एवढ्याचीच, की ही साधी भाकरीही शहरातल्या मुलांच्या ताटात आधी पडते आणि तालुक्याच्या मुलाला ती शिजते कोठे, हेही ठाऊक नसते.