नवा मासा टाकीत सोडण्यापूर्वी

माहूरपासून समुद्र 500 किलोमीटरहून अधिक दूर. आमच्या मुलांना ठाऊक असतो तो पैनगंगेतला मासा. 2017 च्या सहलीत आम्ही मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. 1951 साली सुरू झालेल्या या मत्स्यालयात समुद्रातले रंगीत मासे पाहून एका मुलीने विचारले, "सर, नवीन मासा आणला की सरळ आत सोडतात का?" मी गप्पच राहिलो. शाळेतल्या गोड्या पाण्याच्या टाकीत मी तसाच सोडला होता, आणि पंधरा दिवसांत जुने मासेही मेले होते.

प्रवाळांच्या खाऱ्या टाकीत ही चूक आणखी महागात पडते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात; माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे परासरणाने माशाच्या शरीरातले पाणी सतत बाहेर जाते. (बटाट्याचे काप मिठाच्या पाण्यात ठेवून वर्गात हे दाखवता येईल. थोड्या वेळाने ते लुळे पडतात.) मासा समुद्राचे पाणी पिऊन ही तूट भरून काढतो आणि जादा क्षार कल्ल्यांतील पेशींमार्फत बाहेर टाकतो. ही यंत्रणा क्षारतेतील मोठा फरक एकाएकी सोसू शकत नाही.

म्हणून नवे पाणी पिशवीत थेंबथेंब सोडावे, असे आपल्याला सुचेल. थोड्या वेळापूर्वी घेतलेल्या माशासाठी ते ठीक. पण दूरच्या प्रवासातून आलेल्या माशाला तेच घातक ठरते. बंद पिशवीत माशाच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. माशाने टाकलेला अमोनियाही साठतो. पण सामू कमी असल्याने तो बहुतांशी अमोनिअमच्या, म्हणजे फारशा विषारी नसलेल्या, रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि अमोनिअमचा विषारी अमोनिया होऊ लागतो. तासभर थेंब सोडत बसणे म्हणजे माशाला त्या विषात ठेवणे! त्यापेक्षा बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे. मग मासा जाळीने उचलून, पिशवीइतक्याच क्षारतेच्या वेगळ्या टाकीत ठेवावा. पिशवीतले पाणी मात्र फेकून द्यावे.

ही वेगळी टाकी कशाला? क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठवतो, मग गळून तळाशी कोश करतो. कोशातून पुढे असंख्य जीव बाहेर पडतात. ठिपके नाहीसे झाले की मासा बरा झाला असे वाटते, आणि तिथेच फसगत होते. (आमच्या टाकीतही पांढरे ठिपके दिसले होते, गोड्या पाण्यात ते दुसरा एक परजीवी उठवतो.) त्यावर तांब्याचे औषध चालते, पण त्याने प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मरतात. म्हणजे प्रवाळांच्या टाकीत ते वापरताच येत नाही. चार ते सहा आठवडे नवा मासा वेगळा ठेवावा लागतो तो यासाठी. या काळात क्षारता थोडीथोडी बदलून मोठ्या टाकीशी जुळवून घेता येते.

शेवटी प्रश्न जुन्या रहिवाशांचा. डॅमसेलसारखे मासे आपली कपार प्राणपणाने राखतात. सोडण्याआधी एकदोन दगडांची जागा बदलली की जुन्यांच्याही हद्दी मोडतात. जुन्यांना खाऊ घालून, दिवे मालवून मग नवा मासा सोडावा. एका वेळी एकच. वाढलेला अमोनिया पचवण्याइतके जीवाणू टाकीत वाढायला काही दिवस लागतात.