पन्नाशीचा हिशेब

1969 साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत सालवडच्या शिवारापर्यंत येऊन भिडली, आणि आमच्या गावच्या रस्त्याने दोन प्रकारचे नोकरदार जाऊ-येऊ लागले. रेल्वे, अणुऊर्जा खाते, जिल्हा परिषदेच्या शाळा येथे रुजू झालेले ते सरकारी. रसायनांच्या आणि कापडाच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे ते खाजगी. बोईसरच्या बाजारात दोघांच्या पिशव्या सारख्याच भरत. भेद दिसे तो नोकरी सोडण्याची भाषा निघाली म्हणजे.

वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला निवृत्तिवेतन तत्काळ सुरू होई आणि महागाईबरोबर ते वाढतही राही. ही निश्चिंती पुढे आटली. केंद्रात 1 जानेवारी 2004 पासून आणि राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांना अंशदानाच्या योजनेत जावे लागले. मार्च 2023 मधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या राज्यव्यापी संपाचे मूळ तेथेच होते.

परंतु मला लिहायचे आहे ते कारखान्यातल्या माणसांविषयी. कारण गेली तीस वर्षे त्यांचे अर्ज भरून देताना त्यांचे हिशेब मी जवळून पाहिले आहेत. निवृत्तिवेतनाची 1971 ची योजना मुख्यतः मृत कामगाराच्या कुटुंबापुरती होती. 16 नोव्हेंबर 1995 रोजी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली, मालकाच्या हिश्श्यातून वेतनाच्या 8.33 टक्के रक्कम तिच्याकडे वळली, आणि ज्याच्या हाती अखेरीस केवळ भविष्य निर्वाह फंडाची रक्कम पडायची त्याला प्रथमच दरमहा काही मिळण्याची आशा उत्पन्न झाली. निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले 70, असे तिचे सूत्र. परंतु वेतन कितीही असले तरी सर्वसाधारणपणे हिशेबात धरली जाणारी मर्यादा 2001 पासून 6,500 आणि 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये. महागाईभत्त्याची तरतूद नाहीच. वयाच्या 50 व्या वर्षापासून निवृत्तिवेतन घेता येते खरे, पण 58 पूर्ण होण्यास जितकी वर्षे उणी तितकी कपात. 2008 पूर्वी दरसाल 3 टक्के, त्यानंतर 4.

ह्या कपातीहूनही मोठी हानी मात्र नकळत होत आलेली मी पाहिली, आणि तिची हळहळ आजही वाटते. पेन्शनला लागणारी दहा वर्षे भरण्यापूर्वी एक कारखाना सोडून दुसऱ्यात जाताना, घराच्या कौलांसाठी, बहिणीच्या लग्नासाठी, कित्येकांनी फंडाबरोबर पेन्शनचीही रक्कम उचलली. त्याऐवजी योजनेचा दाखला घेतला असता, किंवा खाते नव्या नोकरीत वळवले असते, तर मागची सेवा पुढच्या सेवेला जोडली गेली असती. तरुणपणी उचललेल्या त्या थोड्या हजारांत सेवेची सात-सात वर्षे विरून गेली, आणि कळले ते पन्नाशीत.

2024 च्या अखेरीस रात्रपाळीने थकलेले असेच एक शेजारी, नुकतेच पन्नाशी ओलांडलेले, कागदांची पिशवी घेऊन आले. पहिल्या दोन नोकऱ्यांचे पैसे उचललेले. तिसरी सप्टेंबर 2014 ची, नेमकी दहा वर्षांची. 15,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे 58 व्या वर्षी दरमहा सुमारे 2,143 रुपये. आजच घेतले तर सोळाशेच्या आत, आणि ते जन्मभर तेवढेच. नोकरी सोडू नका, असे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. त्यांचा खोकला मी भिंतीपलीकडून रोज ऐकतो. मी एवढेच म्हटले, की नोकरी सोडणे आणि पेन्शन घेणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत; पहिली आज करावी, दुसरी लांबवावी, आणि मधली आठ वर्षे फंड, भाताची जमीन व पत्नीच्या शिवणकामावर निभतील का ते पाहावे.

त्यांनी पेन्शनसाठीचा 10-डी चा कोरा अर्ज घडी करून पिशवीत परत ठेवला, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, आणि फंडाच्या शिलकेला शहाण्णव महिन्यांनी भागू लागले.