इस्ट्रोजेन आणि दाहाची जनुके : पाठ्यपुस्तकातील चित्राची मर्यादा

पाळी गेल्यानंतर बायकांचे सांधे धरतात, हाडे ठिसूळ होतात, हा अनुभव सुरत-कामरेज पट्ट्यातील मराठी घरांतही नवा नाही. घरात त्याला 'वात' म्हणून सोडून देतात. वर्गात एखाद्या विद्यार्थिनीने कारण विचारले तर आपणही 'इस्ट्रोजेन कमी झाले' एवढे सांगून पुढे जातो. त्या उत्तराच्या आत पेशीत काय घडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पाठ्यपुस्तकातील चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. इस्ट्रोजेन पेशीपटल ओलांडून आत शिरते, आपल्या ग्राही प्रथिनाशी जुळते, ही जोडी डीएनएवरील ठरावीक जागी बसते आणि जनुक चालू होते. हे चित्र चुकीचे नाही. परंतु दाहाच्या बाबतीत ते अपुरे पडते, कारण येथे इस्ट्रोजेन बरेचदा जनुकाचे काम मंद करते.

दाहाशी संबंधित अनेक जनुके एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाच्या हुकमतीत असतात. रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये त्याचे वर्णन केले. एरवी हे प्रथिन पेशीद्रवात एका निरोधक प्रथिनाला बांधलेले असते. जंतूंचा सुगावा लागताच निरोधक नष्ट होतो, एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जाते आणि इंटरल्युकिन-६ सारख्या दाहकारक प्रथिनांची निर्मिती वाढते. आता खरी गंमत अशी की, इंटरल्युकिन-६ च्या जनुकापाशी इस्ट्रोजेनग्राहीची नेहमीची बैठक नाही, तरीही इस्ट्रोजेन असताना ते जनुक मंदावते. ग्राही डीएनएवर न बसता थेट एनएफ-कॅपा-बीलाच अडवतो. शिवाय जनुक चालविण्यास लागणारी सहकारी प्रथिने दोघांना सामाईक असतात; ती एकाकडे गुंतली की दुसऱ्याला कमी पडतात.

इस्ट्रोजेन घटले की हा अटकाव सैल होतो. अंडाशय काढलेल्या उंदरांत इंटरल्युकिन-६ मुळे हाड झिजविणाऱ्या पेशी वाढतात, असे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. मानवी हाडांची झीज मात्र एकाच रेणूच्या माथी मारता येत नाही.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या म्हणजे दाहावरील औषधच, असा निष्कर्ष विद्यार्थी चटकन काढतील. तेथे थांबवावे. ल्युपस हा दाहाचाच विकार, आणि त्याच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात; बी-पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम वेगळा होतो. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या पाहणीत १६,६०८ स्त्रियांवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित गोळ्यांची चाचणी चालू होती. ती जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. अस्थिभंग कमी झाले होते, परंतु स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या वाढल्या होत्या. तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन यकृतात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढवते, ते तर दाहाचे मोजमाप म्हणूनच तपासले जाते.

फळ्यावर एकाऐवजी दोन चित्रे काढावीत : एकात ग्राही डीएनएवर बसलेला, दुसऱ्यात एनएफ-कॅपा-बीला अडवून धरलेला. दोन्हींखाली पेशी कोणती, हे लिहिण्यास विसरू नये.